शिंपल्याशेजारचं पान

पितृपंधरवड्यात प्रेमात पडणं तसं शोभत नाही. त्या दिवसांत गोदाकाठच्या गावांतून कुणी सोयरिकीचा विषय काढत नाही, नवं कापड घेत नाही, घराचा पाया खणत नाही. घरोघर म्हाळ असतात, पत्र्यांवर कावळे असतात आणि बायकांच्या मागे घट बसायच्या आत दसरा काढायचं लचांड असतं. दसरा काढायचा म्हणजे घरातली एकूण एक वस्तू बाहेर काढायची, धुवायची, घासायची आणि पुन्हा जागच्या जागी लावायची. निकिताही त्याच लचांडात होती. प्रेमाबिमाचं तिच्या डोक्यात काही नव्हतं. खापर फोडायचंच तर ते तिच्या गोधडीवर फोडावं लागेल.

पुणतांब्याच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठाशी तिची वस्ती. त्या वर्षी पाऊस मध्येच दडी मारून बसला होता आणि नदी उतरून काठचा खडक लांबवर उघडा पडला होता. आभाळ मात्र रोज भरून यायचं. ऊन नाही, पाऊस नाही... नुसता दिवसभर करडा, ओलसर अंधार. अशा हवेत गोधड्या वाळायच्या म्हणजे नशिबाचाच भाग. निकिताने पहिली गोधडी धोपटून, पिळून खडकावर पसरली, कोपऱ्यांवर गोटे ठेवले आणि दुसरीला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"जरा... ती गोधडी उचलता का?"

तिने वळून पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली पँट, पाठीला सॅक, हातात लहानसा हातोडा आणि गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग. वयाने तिच्यापेक्षा थोडासाच थोरला. चेहऱ्यावर इतकी काळजी, की गोधडीखाली त्याचंच कुणीतरी अडकलंय असं वाटावं.

"का? खडक तुमचा हाय का?"

"खडक नाही... पण खडकात... म्हणजे, त्याच्यात शिंपले आहेत."

"शिंपल्यांना काय तोटा? नदीत हायेत की मुठीमुठीनं."

"हे जुने आहेत. लई जुने."

"किती?"

तो जरा विचारात पडला. "तुमच्या गोधडीपेक्षा जुने," तो म्हणाला, आणि आपण भलतंच बोलून गेलो हे लक्षात येऊन त्याचे कान लाल झाले.

निकिताला हसू आवरेना. तिने गोधडीचा एक कोपरा उचलला. तो लगेच गुडघ्यांवर बसला, खडकावर पाणी शिंपडून त्याने बोटाने दाखवलं. वाळू, गोटे आणि चुना एकत्र होऊन तो खडक घट्ट झाला होता, आणि त्यात पांढऱ्या कडांचे शिंपले दाटीवाटीने रुतले होते. निकिता लहानपणापासून त्या खडकावर कपडे धोपटत आली होती. ते पांढरे ठिपके तिला चुनखडीचे वाटत. त्याने गळ्यातलं भिंग काढून तिच्या हाती दिलं. ती वाकली, तशी तिच्या वेणीचं टोक त्याच्या हातावर पडलं. त्याने हात काढून घेतला नाही, आणि तिनेही वेणी मागे टाकायची घाई केली नाही.

त्याचं नाव हर्षल. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा, मिरजगावचा. संगमनेरला कॉलेज केलं, पुण्याला भूशास्त्रात एम.एस्सी. केली, आणि आता नदीकाठचे जीवाश्म शोधत फिरत होता. मुक्काम कुठे, असं तिने विचारलं तर कळलं, की तो बनुबाईच्या पडवीत राहतोय. बनुबाई म्हणजे निकिताच्या वडिलांची, आप्पांची, चुलत बहीण, तिची आत्या. एक पोरगा भाड्यानं आलाय आणि पोत्यानं दगडं आणून टाकतोय, असं आत्या दोन दिवसांपूर्वी कपाळावर हात मारून सांगत होती. निकिताने ते त्याला सांगितलं नाही. गोधडी मात्र तिने उचलून पलीकडच्या खडकावर नेऊन टाकली.

त्यानंतर निकिताच्या घरातलं धुणं एकाएकी वाढलं. गोधड्या झाल्या, सतरंज्या झाल्या, उशांचे अभ्रे झाले. धुतलेल्या चादरी पुन्हा मळलेल्या निघाल्या. शेवटी बैलाची झूलही तिने डोक्यावर घेतली, तेव्हा आई म्हणाली की आता एक आप्पा तेवढे राहिलेत, त्यांनाही घेऊन जा. निकिता झूल सावरत बाहेर पडली.

नदीवर तो खडकावर पालथा पडलेला असे, भिंग डोळ्याला आणि डोळा दगडाला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, माणूस घेरी येऊन पडलाय. ती आली की तो उठून बसायचा, कपडे झटकायचा आणि मग उगाचच दगडांबद्दल बोलायला लागायचा. त्याला दुसरं काही बोलता येत नसे. पण दगडांबद्दल बोलताना तो इतका जीव ओतून बोले, की ऐकणाऱ्याला आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय असं वाटे. निकिताला तरी तसं वाटायचं.

हळूहळू त्याची अडचण तिला कळली. मिरजगावला हायवेवर वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. पोराने गल्ल्यावर बसावं, हे वडिलांचं म्हणणं. दिवाळीपर्यंतची मुदत त्याने मोठ्या मिनतवारीने मागून घेतली होती. पुण्याचे त्याचे एक सर सर्वपित्री अमावास्येला इथे येणार होते. त्यांना काम पटलं तर ते त्याला पीएच.डी.ला घेणार, आणि मग पुढची काही वर्षं तो याच काठावर राहणार. नाही पटलं, तर खिळे आणि पत्रे. मात्र सरांनी फोनवर आधीच बजावलं होतं, की नुसते शिंपले कुठल्याही नदीत सापडतात. शिंपल्यांबरोबर त्याच दगडात एखादं झाडपान दाखव. म्हणजे कधीकाळी इथे संथ पाण्याचा डोह होता, त्याच्यावर झाडं वाकलेली होती, असं काहीतरी खात्रीनं सांगता येईल.

"आणि न्हाई मिळालं पान?" निकिताने विचारलं.

"तर इथून जाणार."

तो हे साधेपणाने म्हणाला. पण तेव्हाच निकिताला कळून चुकलं की आपलं काही खरं नाही. हा माणूस इथून जाता कामा नये, एवढं एकच तिला हवं होतं.

तिच्या मागेही घोर होताच. संगमनेरकडचं एक स्थळ आलेलं, मुलगा दूध संघात नोकरीला. फोटो पसंत पडले होते. दसऱ्याला आप्पा होकार कळवणार होते. पंधरवडा सुरू झाला म्हणून घरात तो विषय बंद होता, एवढंच. हे तिने एके दिवशी नदीकडे पाहत हर्षलला सांगून टाकलं. तो बराच वेळ हातातला गोटा फिरवत राहिला.

"चांगला आहे का मुलगा?"

"फोटोत चांगला हाय."

"फोटोत सगळेच..." त्याने वाक्य सोडून दिलं. "तुला काय वाटतं?"

"मला विचारलंय कुणी?"

"मी विचारतोय ना."

हातातली चादर पिळायला तिला एकदम फार जोर लागला. पिळ्यातलं पाणी पायाशी खडकावर सांडलं, तिथली माती वाहून गेली... आणि हर्षलने तिचं मनगट धरलं.

"हलू नकोस."

तिला वाटलं, आता हा बोलणार. पण तो तिच्या पायाशी पाहत होता. ओल्या खडकावर एक शिंपला उघडा पडला होता, आणि त्याला लागून, तळहाताएवढं, एक पान. मधली शीर, तिच्या दोन्ही बाजूंना फुटलेल्या बारीक शिरा, सगळं स्पष्ट. अर्ध्या पानावर चुन्याचा पांढरा थर चढलेला होता, तरी ते पानच होतं.

"सापडलं," तो अगदी हळू म्हणाला, मोठ्याने बोललं तर पान उडून जाईल अशा आवाजात. तिचं मनगट सोडायचं तो विसरला होता. तिने आठवण करून दिली नाही.

"आता ऱ्हानार?"

"सर हो म्हणाले तर राहणार."

"मग म्हनतीलच की."

दिवस कलेपर्यंत त्याने छिन्नीने तो तुकडा सोडवला. तडा जाऊ नये म्हणून निकिता ओल्या चादरीने त्याला आधार देऊन बसली होती. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती. काम संपलं तेव्हा दोघांनाही थोडं वाईटच वाटलं.

पुढचे दिवस तो पडवीत बसून सुईने त्या पानावरचा पांढरा थर टोकरत असे. एकेक कण. दिवसभरात नखाएवढी जागा मोकळी व्हायची. बोटांना सुई टोचून टोचून भोकं पडली होती. निकिता आत्याकडे कधी विरजण मागायला जायची, कधी दिलेलं परत करायला, आणि दरवेळी त्या बोटांकडे बघून यायची. अमावास्या जवळ येत चालली होती आणि पानाचा निम्मा भाग अजून चुन्याखालीच होता.

अमावास्येच्या दोन दिवस आधी हर्षल संगमनेरला गेला. कॉलेजातून सूक्ष्मदर्शक मागून आणायचा होता. त्याच दिवशी निकिता आत्याचा दसरा काढायला गेली. बनुबाईचे गुडघे गेलेले, तिच्याने वाकवत नव्हतं. निकिताने फडताळं रिकामी केली, डबे धुतले, आणि तांब्या-पितळेची भांडी घेऊन ती अंगणात बसली. त्या भागातलं पाणी जड. हंड्यांना आतबाहेर पांढरा थर धरतो, आणि तो दुसऱ्या कशाने हलत नाही. चिंच कोळून त्यात भांडं बुडवून ठेवायचं, मग नारळाच्या शेंडीने घासायचं, की भांडं लख्ख होतं. हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिथल्या प्रत्येक पोरीला ते येतंच.

हंडा घासता घासता तिची नजर पडवीकडे गेली. तिथे तो दगड होता, शेजारी सुई होती, आणि दगडावर तोच पांढरा थर होता.

एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला एवढं साधं सुचू नये, असं वाटून तिला हसूच आलं. मग लगेच त्याच्या बोटांची भोकं आठवली, आणि जीव कळवळला. तिने घरातली होती नव्हती ती चिंच काढली, मोठ्या घमेल्यात कोळली आणि दोन्ही हातांनी, बाळाला न्हाऊ घालावं तसा, दगड त्यात अलगद ठेवला. पाण्यावर बारीक बुडबुडे आले. मळ सुटतोय, असं तिला वाटलं. बाकीची सगळी भांडी होईपर्यंत तिने तो तसाच राहू दिला, मग बाहेर काढून शेंडीने हलक्या हाताने घासला. पांढरा थर समूळ गेला होता. दगड गुळगुळीत झाला होता. पान थोडं पुसट दिसत होतं, पण वाळल्यावर उठून दिसेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ओट्यावर तांब्याचे हंडे ओळीने मांडले होते. त्यांच्या सगळ्यांत पुढे तिने तो दगड ठेवला आणि वाट पाहत बसली.

हर्षल संध्याकाळी आला. ओट्याकडे बघून तो जागच्या जागी उभा राहिला. मग त्याने सावकाश सॅक उतरवली, खाली बसला आणि दगड उजेडाकडे वळवला. पानाच्या जागी तपकिरी डाग होता. शिंपल्याच्या जागी खळगा होता. त्याने त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. नंतर त्याने मान वर केली आणि निकिताच्या हातांकडे पाहिलं. ते चिंचेने काळपट झाले होते, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या.

"तू धुतलास?"

"व्हय. समदा थर निघाला बघा. तुमी उगा सुईनं टोकरत बसला हुतात."

"छान झालाय," तो म्हणाला. "लई छान झालाय."

त्याचा आवाज घोगरा झाला होता. आनंदाने झाला असेल, असं तिला वाटलं. निदान घरी जाताना तिने तसं धरून चालायचं ठरवलं. तो त्या रात्री जेवला नाही, हे तिला दुसऱ्या दिवशी आत्याने सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात पाल चुकचुकली.

अमावास्येला सर आले. सडपातळ, हळू बोलणारे, सभ्य गृहस्थ. बनुबाईकडे म्हाळाचा स्वयंपाक होता, म्हणून निकिता मदतीला आलेली. पडवीत दोघांचं बोलणं चाललं होतं आणि ती चुलीपाशी चहा ओतत होती. शिंपले सरांना आवडले. मोबाईलमधले फोटो त्यांनी मोठे करून पाहिले आणि फोटोतलं पान बघून ते चक्क खुर्चीच्या कडेला सरकले. हा दगड कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. हर्षलने तो आणून त्यांच्यापुढे ठेवला. निकिता ट्रे घेऊन दारापर्यंत आली होती, ती तिथेच थांबली.

"हा आम्लात घातला होता का?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"कोणी?"

"मी," हर्षल म्हणाला. "तुम्ही यायच्या आत पान मोकळं करायचं होतं... घाई केली."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते दुःखाने बोलत होते. वरचा थर चुन्याचा, तसा शिंपलाही चुन्याचा, आणि पानाचा ठसाही चुन्यातच उमटलेला. आंबट पदार्थाला त्यातला फरक कळत नाही, तो सगळंच खातो. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. फोटोवर संशोधन होत नाही, दगड हातात लागतो. आणि दगडापेक्षा मला तुझ्या हातांची चिंता वाटते, असं ते म्हणाले. ज्याला धीर नाही त्याच्यावर मी हा काठ सोपवू कसा?

निकिताने उंबऱ्याबाहेर पाय टाकला. हर्षलने तिच्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी, इतर कुणाला दिसणार नाही एवढीच मान हलवली. नको. तिने चहा दिला, सरांनी तो घेतला, छान झालाय म्हणाले, आणि थोड्या वेळाने त्यांची गाडी निघालीसुद्धा.

गाडीचा आवाज लांब गेला, तशी ती भानावर आली आणि मागच्या दाराने पळत सुटली. फाट्यापाशी मेंढरांचा कळप आडवा आला होता, म्हणून गाडी सापडली. तिने काचेवर हात मारला. धाप लागलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि तोंडून काय बाहेर पडतंय याचं भान नाही, अशा अवस्थेत तिने सगळं सांगितलं. चिंच, घमेलं, हंडे. त्याला माहीतही नव्हतं, तो गावात नव्हता, धीर त्याच्याइतका कुणाकडे नाही, हेही सांगितलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. दगड असा उघड्यावर ठेवून गेला ही चूक त्याची आहेच, ते म्हणाले. पण ती वेगळी चूक. मेंढरं पांगली, तसा त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

"ते पान आता परत येणार नाही, बाळ. त्याला म्हणावं, दुसरं आण. उन्हाळ्यापर्यंत मी दुसऱ्या कुणाला घेत नाही."

ती परत आली तेव्हा हर्षलची सॅक पडवीत नव्हती. तो नदीवर होता. वरच्या भागात कुठेतरी पाऊस लागला होता, धरणातून पाणी सोडलं होतं. नदी गढूळ होऊन चढत होती आणि खडकाच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या. बारीक भुरभुर सुरू झाली होती. तो सॅक मांडीवर घेऊन वरच्या अंगाला बसला होता. निकिता त्याच्या शेजारी बसली, पहिल्यांदाच इतक्या जवळ.

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगून पान आलं असतं का परत?"

"मला शिव्या तरी द्यायच्या. छान झालाय म्हनला तुमी... वर समदं अंगावर घेतलं."

"तुझे हात बघितले मी," तो म्हणाला. "माझ्यासाठी इतकं कुणी कधी घासलं नव्हतं, निकिता. तेव्हा काय बोलणार होतो मी?"

ती रडायला लागली. त्याने तिचा हात हातात घेतला. त्या चिरांवरून त्याने अंगठा फिरवला, दगडावरून फिरवला होता तितक्याच सावकाश. मग तो नदीकडे बघत बोलत राहिला. आपण आता मिरजगावला जातो म्हणाला. दुकानात बसतो. बाबा खूश होतील, खूश असताना ते कशालाच नाही म्हणत नाहीत. घट बसले की ते आप्पांकडे माणूस पाठवतील. दूध संघाच्या नोकरीपेक्षा दुकान काही वाईट नाही.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "हे आधीच सांगायला पाहिजे होतं. दगडांचंच सांगत बसलो."

पंधरवडाभर जे ऐकायला ती कान टवकारून बसली होती, ते असं, इतक्या सरळ, तिच्या पुढ्यात येऊन पडलं. हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. हो तिच्या ओठांवर आलंही होतं. पण बोलता बोलता त्याची नजर खडकाकडे गेली, जिथून त्यांनी पान काढलं होतं तिकडे. पाणी तिथे पोचत होतं, आणि तो ते बघत होता. आपण बघतोय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

तिला पुढचं सगळं दिसलं. दुकानामागचं घर, गल्ल्यावरचा हर्षल, रस्त्याकडेला पडलेला दगड उचलून बघणारा आणि पुन्हा ठेवून देणारा हर्षल. तो आयुष्यात कधी एका शब्दानेही तिला बोलणार नाही. आणि नेमकं तेच तिला सोसवलं नसतं.

"मला दुकानवाला नको," ती म्हणाली.

त्याने हात सोडला.

"तसं न्हाई... ऐका." तिने त्याचा हात पुन्हा धरला, आणि फाट्यावर काय झालं ते सांगितलं. सर उन्हाळ्यापर्यंत थांबणार आहेत. उन्हाळ्यात नदी पुन्हा उतरेल. तेव्हा त्याने यायचं आणि दुसरं पान शोधायचं.

"मिळेलच कशावरून? ते एक मिळायला मला—"

"न्हाई मिळालं तर न्हाई. तेवा बसा दुकानात. मी पन गल्ल्यावर येऊन बसंन. पन माझ्यामुळं बसायचं न्हाई. माझ्यामुळं तुमी काय सोडलं, हे घेऊन मला नांदायचं न्हाई."

"बाबांना काय सांगू?"

"ते तुमी बघा. आप्पांना काय सांगायचं ते मी बघते."

"आणि उन्हाळ्यापर्यंत?"

भुरभुर वाढली होती, आणि त्याच्या केसांवरून पाणी गालावर ओघळत होतं. तिने ओढणीच्या टोकाने ते पुसलं. खडक पुरता बुडेपर्यंत दोघं तिथे बसून राहिले, आणि मग तो पुणतांब्याच्या रस्त्याला लागला. तिने त्याला वळून बघू नका असं सांगितलं होतं, आणि त्या वेड्याने ते खरंच ऐकलं.

घरी आई उद्याच्या घटासाठी माती चाळत होती. आप्पा ओसरीत पाय पसरून बसले होते. निकिताने ओले कपडे बदलले, दिवा लावला आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

"संगमनेरच्या पाहुन्यांना न्हाई म्हनून कळवा, आप्पा."

आईची चाळणी थांबली. अमावास्येच्या दिवशी असले विषय काढू नयेत, एवढंही कळत नाही का, असं आप्पा म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते जरा सरळ बसले.

"दुसरं कुनी हाय का?"

"हाय."

"बनुबाईकडं हुता तो?"

"व्हय."

"तो तर गेला ना आज, बनुबाई सांगत हुती."

"येनार हाय."

"कवा?"

"नदी उतरली की," निकिता म्हणाली.

आप्पांनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर पावसाने जोर धरला होता, आणि नदी चढतच होती.